हात लावून बगा की!

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात बोलण्याला किंमत नसते. बोलणं तिथे इतकं मुबलक असतं की भाव पडणारच. नगर-संभाजीनगर रस्त्यावर, शनिशिंगणापूरला वळायच्या फाट्याजवळ, नेवासे तालुक्यातल्या या गावात जनावरांचा बाजार भरतो, आणि त्यातही नाव म्हशींचं. दावणीला उभी असलेली प्रत्येक म्हैस, मालकाच्या सांगण्याप्रमाणे, दुसऱ्या वेताची असते, दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर दूध देते, लहान पोरानं धार काढली तरी पाय उचलत नाही आणि निव्वळ चाऱ्याची अडचण आहे म्हणून काळजावर दगड ठेवून विकायला काढलेली असते. एवढी सद्गुणी जनावरं एका जागी पाहिली की आपण माणसं असल्याची लाज वाटू लागते. गिऱ्हाइकाला वाटत नाही. ते ऐकतच नाही. ते वाकतं आणि कासेला हात घालतं.

मालकालाही त्याचा राग येत नाही. उलट तोच म्हणतो, "माझ्या सांगण्यावर जाऊ नका पाव्हणं, हात लावून बगा की!" स्वतःच्या बोलण्याविषयी इतकं प्रांजळ मत असलेला दुसरा विक्रेता मला ठाऊक नाही. विमा विकणारा असं कधी म्हणाल्याचं कुणी ऐकलंय?

आमच्या दाजींना म्हैस घ्यायची होती. मी बरोबर होतो तो नुसता बरोबर होतो. म्हशीतलं मला काही कळत नाही हे दाजींना ठाऊक असल्यामुळे त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला बघायला भरपूर वेळ मिळाला.

दाजींनी आधी म्हशीच्या पाठीवरून सरळ हात फिरवला. मग बरगडीवरची कातडी चिमटीत धरून ओढली आणि सोडली. पातळ, सैल कातडी दुधाची, असा आमच्याकडचा जुना हिशेब. मग पोटाखालची दुधाची शीर बोटाने चाचपत पुढे नेली. मग कास. चारही सडांवरचा भाग एकेक करून दाबला, आधी पुऱ्या पंजाने, नंतर अंगठ्याने, खोलवर. चेहरा मात्र समोरच्या लिंबाच्या झाडाकडे. इथे तुमचं काम नाही, असं त्यांनी डोळ्यांना कळवून टाकलं होतं. मागच्या डाव्या सडाच्या वर अंगठा थांबला. पुन्हा दाबला.

"हितं गाठ लागतीय."

"गाठ कशाची, दूध तटलंय. सकाळपासनं पिळली न्हाय."

"दूध हाताला येगळं लागतं, दगडी येगळी लागती."

दगडी म्हणजे कासदाह. दाजी उठले, हात धोतराला पुसला आणि चालू लागले. मालकाने मागून हाक मारली ती पाच हजारांनी खाली उतरूनच.

हा जो अंगठा थांबला, त्याच्यामागे केवढा कारभार आहे हे दाजींना सांगावं असं मला फार वाटलं. बाजारात त्यांना काही सांगायची सोय नसते, म्हणून इथे सांगतो. माणसाच्या एका तळहातात, बोटं धरून, स्पर्शाची खबर नेणारे सतरा हजारांच्या आसपास मज्जातंतू आहेत. त्यांच्या टोकांशी चार प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन शरीरशास्त्रज्ञांची नावं आहेत: मर्केल, माइसनर, रुफिनी, पाचिनी. चौघांना कामं वाटून दिलेली आहेत आणि आश्चर्य म्हणजे चौघेही आपापलीच कामं करतात. मर्केल दाब किती आणि वस्तूची कड कुठे, ते सांगतो आणि बोट दाबलेलं असेपर्यंत सांगत राहतो. दाजींना गाठीची कड लागली ती याच्यामुळे. अंध माणूस ब्रेल वाचतो तो मुख्यतः याच्याच भरवशावर. माइसनर वस्तू निसटू लागली की बोंब मारतो. धार काढताना ओला सड बोटांतून घसरायला लागला की पकड आपसूक घट्ट होते, डोकं चालवावं लागत नाही. रुफिनी कातडी ताणली गेल्याचं कळवतो. चौथ्याची गोष्ट जरा मोठी आहे.

फिलिप्पो पाचिनी हा इटलीतल्या पिस्तोया गावचा. १८३१ साली, एकोणीस वर्षांचा विद्यार्थी असताना, मृतदेहाच्या हाताची चिरफाड करताना त्याला बोटांच्या मज्जातंतूंपाशी बारीक दाणे दिसले. नुसत्या डोळ्यांनी दिसले, कारण एकेक दाणा मिलिमीटरभर लांब असतो. तसे ते त्याच्याआधी सुमारे शंभर वर्षं आब्राहाम फाटर नावाच्या जर्मन प्राध्यापकानेही पाहिले होते, पण पुढे लोक विसरून गेले होते. पाचिनीने ते सूक्ष्मदर्शकाखाली घातले. मधोमध मज्जातंतूचं टोक आणि त्याच्याभोवती एकावर एक पातळ पापुद्रे. कांदा! घोडेगावात यासाठी आकृती काढायची गरज नाही. इथे कांद्याचंही मोठं मार्केट आहे, गोणीतला एक उचलून कापून दाखवता येतो.

पाचिनीने हे १८४० साली छापलं. हाच गृहस्थ पुढे १८५४ साली फ्लॉरेन्समधल्या साथीत पटकीचा जंतू पाहून मोकळा झाला. त्याचं श्रेय पुढे ज्याला मिळालं त्या कॉखच्या आधी तीस वर्षं. त्याही वेळी जगाने लक्ष दिलं नाही. एखाद्याच्या पत्रिकेत शनी असतो, त्याला कोण काय करणार. शिंगणापूर त्याला फार लांब पडलं.

तर हा कातडीतला कांदा असा चालतो. वरून दाब आला की पापुद्रे क्षणभर दबतात आणि मधल्या तंतूला धक्का कळतो. दाब तसाच राहिला की पापुद्रे सरकून आतला ताण मोकळा करतात आणि कांदा गप्प. दाब काढला की पुन्हा एकदा बोलतो. म्हणजे ठेवलेलं त्याला कळत नाही. आलेलं, गेलेलं आणि थरथरणारं तेवढं कळतं, आणि सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा थरथरणारं सगळ्यात चांगलं. आवाज बंद केलेला मोबाइल खिशात असला तरी आपल्याला फोन आल्याचं कळतं ते असल्याच थरथरीमुळे. फोन आलेला नसताना, नुसतं पायजम्याचं कापड घासलं तरी खिशात हात जातो, हा भाग पाचिनीच्या काळी नव्हता. त्यात दोष मेंदूचा आहे. त्याला वाट बघायची सवय लागली आहे.

बसलेला दाब कळेनासा होणं, यावर बाजारात एक स्वतंत्र धंदा चालतो. बंडीच्या आतल्या खिशात नोटांचं पुडकं ठेवलं की सुरुवातीला छातीला ते चांगलं जाणवतं. थोड्या वेळाने जाणवत नाही. आता पुडकं आहे म्हणून जाणवत नाही की गेलं म्हणून जाणवत नाही, हे छातीला सांगता येत नाही. म्हणून घोडेगावच्या बाजारात माणसं अधूनमधून छातीवर हात आपटताना दिसतात. परक्याला वाटावं, काय भाविक मुलूख आहे! खिसेकापूला मात्र खरा अर्थ ठाऊक असतो, कारण कुठे बघायचं ते आपण स्वतःच्या हाताने त्याला दाखवलेलं असतं. तो आधी खांद्याने दणका देतो, वर "चुकलं हां, दादा" म्हणतो. खांद्याकडून एवढी मोठी खबर मेंदूत पोचलेली असताना खिशाकडून आलेली बारीक खबर ऐकायला तिथे कुणी रिकामं नसतं. या विद्येत पदवी देणारं विद्यापीठ नाही, पण प्रात्यक्षिकं दर आठवड्याला होतात.

दुपार व्हायच्या आत दाजींना एक मुऱ्हा म्हैस पसंत पडली. शिंगं घट्ट वळलेली, कास चारी बाजूंनी मऊ, सडांतून धार सरळ. आता दलाल आले. बाजारात सगळे त्यांना मामा म्हणत होते, सबब आम्हीही म्हटलं. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढून म्हशीच्या मालकाच्या हातावर टाकलं, आपला हात आत घातला आणि मोठ्या आवाजात पावसाविषयी बोलू लागले.

हा हत्त्याचा सौदा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पुरा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते माल बघून समजायचं. बाजारागणिक खुणा थोड्या बदलतात. शेतमालाच्या लिलावात हा प्रकार फार बदनाम झाला, कारण दलाल आणि व्यापाऱ्याचं रुमालाखाली काय ठरलं ते ज्याचा माल त्यालाच कळायचं नाही. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला तो म्हणूनच. तरीही वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांवर रुमाल पडतच आले आहेत. जनावरांच्या बाजारात तर गर्दीच इतकी असते की भाव तोंडाने बोलला तर शेजारच्या दावणीची म्हैस महाग होते.

मी मामांच्या हाताकडे बघत होतो. नखाशी चुन्याचा पांढरा डाग, अंगठ्याला घट्टा. उपरण्याखाली कापड जरासं उचललं जायचं, बसायचं, पुन्हा उचललं जायचं.

"मुळा धरण भरंल म्हनं औंदा." उपरण्यात हालचाल.

"भरंल, पर आपल्याला पानी कवा सुटायचं?" उपरण्यात हालचाल.

मग मामा दाजींकडे आले आणि उपरणं त्यांच्या हातावर पडलं. धरणाचं पाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दोघांच्याही चेहऱ्यावर हवामान खात्याइतकीच भावना.

बोटांचीच निवड का झाली असावी याला आधार आहे. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली कंपासची दोन टोकं माणसांच्या अंगाला जागोजाग टेकवून मापं घेतली. बोटाच्या शेंड्यावर टोकं दोन-तीन मिलिमीटर अंतरावर असली तरी ती दोन आहेत हे कळतं. पाठीवर तीच टोकं चार सेंटिमीटरच्या आसपास लांब नेईपर्यंत एकच वाटतं. सौदा पाठीवर करायची रीत पडली असती तर घोडेगावात दर शुक्रवारी मारामाऱ्या झाल्या असत्या.

सौदा अडला. मालक एक लाख वीसच्या खाली येईना, दाजी एक लाख दहाच्या वर जाईनात. तेव्हा मामांनी बोटं सोडली आणि दाजींच्या खांद्यावर पंजा ठेवला. मग तो हात सावकाश पाठीवर उतरला. मघाशी म्हशीच्या मानेवरून त्यांनी हात फिरवला होता, त्याच चालीने.

हे हत्यार साधं नाही. तळहातात जे चौघे आहेत त्यांच्या खबरा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने धावतात. नगर रस्त्यावर एवढा वेग फक्त लग्नाला उशीर झालेल्या जीपला जमतो. पण अंगावरच्या केसाळ कातडीत आणखी एका प्रकारचे बारीक तंतू आहेत. त्यांची खबर सेकंदाला मीटरभर, म्हणजे रस्त्याने निघालेल्या म्हशीच्या बेताने जाते. त्यांना दाब, कड, टोक यांत रस नसतो. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या संथ चालीने कुणी हात फिरवला की ते जागे होतात, आणि मेंदूला एवढंच सांगतात की बरं वाटतंय. का बरं वाटतंय, किती पडेल, हे सांगत नाहीत. अमेरिकेत १९८४ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. हॉटेलातल्या वेट्रेसने सुटे पैसे परत देताना गिऱ्हाइकाच्या तळहाताला किंवा खांद्याला जरा स्पर्श केला तर बक्षिशी वाढते, असं तिच्यात आढळलं. मामांना हे शोधायला अमेरिकेत जावं लागलं नाही. "आपलाच मानूस हाय, मोडू नका," एवढं म्हणून त्यांनी पाठीवरून तिसऱ्यांदा हात फिरवला आणि दाजींचं एक लाख सोळा झालं. मालकाच्या पाठीचं काय झालं ते मला दिसलं नाही, पण तोही उतरला. इसार दिला. शेवटी पाचशेचा घोळ राहिला होता, तो दाजींनी "जाऊ द्या वो, पाचशेनं काय होतंय" म्हणून सोडून दिला.

नंतर आम्ही भजी खायला बसलो. तिथे प्लेटमागे पाच रुपये वाढलेले होते. त्यावरून दाजींनी गाडेवाल्याची जी हजेरी घेतली ती ऐकायला शेजारच्या बाकावरचे लोक वळून बसले. तेल काय भावाने आणतो, बेसन किती घालतो, मिरचीत काय सोनं भरलंय का! यावर वेबर यांचंच उत्तर आहे. कंपासाखेरीज त्यांनी लोकांना वजनंही उचलायला दिली होती. चाळीस तोळे हातात असताना एक तोळा वाढला तर साधारण कळतो. चारशे तोळे असताना एक वाढला तर हाताला पत्ता लागत नाही, दहा वाढावे लागतात. फरक केवढा हे हात बघत नाही, कशावरचा फरक हे बघतो. लाखावर पाचशे दाजींच्या अंगाला लागलेच नाहीत. तिसावर पाच मात्र चांगलेच रुतले.

भजी संपेपर्यंत बसणं भाग होतं, तेव्हा मी दाजींना थोडं शास्त्र ऐकवलं. दाबलेलं कळतं म्हणजे मुळात होतं काय, हे माणसाला अगदी परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. बैरुतमध्ये जन्मलेला आर्डेम पाटापुटियन हा अर्मेनियन वंशाचा माणूस कॅलिफोर्नियात संशोधन करतो. त्याचा सहकारी बर्ट्रांड कोस्ट याने एक पेशी घेतली, तिला काचेच्या बारीक नळीने टोचलं आणि तिच्यातून वीज वाहते का ते मोजलं. वाहत होती. मग बहात्तर जनुकांवर संशय धरला. एकेकाला गप्प करायचं आणि पेशीला पुन्हा टोचायचं. एकाहत्तर वेळा काही फरक पडला नाही. बहात्तरावं जनुक गप्प केलं आणि पेशीला टोचलेलं कळेना. २०१० साली हे प्रसिद्ध झालं.

"बहात्तर येळा?" दाजींनी भजं खाली ठेवलं. "आन् पयल्या धाला कट्टाळला न्हाय?"

"नोबेल मिळालं पाटापुटियनला. २०२१ साली."

"मिळायलाच पायजे."

त्या शोधातून पिएझो नावाचं प्रथिन हाती लागलं. त्यातलं दुसऱ्या नंबरचं, पिएझो-२, आपल्या स्पर्शाचं काम करतं. पेशीच्या पडद्यात ते तीन पाती पसरून बसलेलं असतं. पडदा दाबला, ताणला गेला की मधलं दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि खबर निघते. शिंगणापुरात घरांना दारं न लावायची रीत आहे. कातडीत अशी असंख्य दारं आहेत आणि ती दाबल्याखेरीज उघडत नाहीत. काही थोड्या माणसांत जन्मतःच हे पिएझो-२ चालत नाही. डोळे मिटले तर आपला हात कुठे आहे, बोटं कशी वळलेली आहेत, हे त्यांना कळत नाही. चालायचं तर पायांकडे बघत चालावं लागतं. त्याच नोबेलचा दुसरा वाटेकरी डेव्हिड ज्युलियस. मिरचीतल्या तिखटाने पेशीतलं कोणतं दार उघडतं ते त्याने शोधलं. हे ऐकल्यावर दाजींनी तळलेली मिरची उचलली, तिच्याकडे एकदा आदराने पाहिलं आणि देठापर्यंत खाल्ली.

म्हैस पिकअपमध्ये चढली, घरी आली. ताईने भाकर-तुकडा ओवाळला, कुंकू लावलं. संध्याकाळी दाजी बादली घेऊन बसले आणि म्हशीने दूध दिलं नाही.

म्हशीची कातडी जाड म्हणून आपण तिला नावं ठेवतो. तिच्या अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच जागा थरथरते, हे बघत नाही. केसाच्या मुळाशी गुंडाळलेल्या तंतूंना केस वाकल्याचं लगेच कळतं. सडांना तर त्याहून जास्त कळतं. सडांना हात लागला की खबर पाठीच्या कण्यातून मेंदूत जाते, मेंदू ऑक्सिटोसिन रक्तात सोडतो, ते कासेपर्यंत पोचतं आणि दुधाच्या पिशव्या आवळल्या जाऊन दूध खाली उतरतं. हा पान्हा. गाईच्या कासेत खालच्या टाकीत थोडं तरी दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीचं पंच्याण्णव टक्क्यांच्या घरात वरच असतं. पान्हा नाही तर धार नाही. आणि गाईपेक्षा म्हशीला पान्हा सोडायला वेळही जास्त लागतो. त्यात नवी जागा, परका हात, पिकअपमधला हिसका. जनावर बुजलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि ऑक्सिटोसिनचा रस्ता अडतो. लोक म्हणतात म्हैस दूध चोरते. ती बिचारी काही चोरत नसते. आपण तिला भरवसा द्यायला विसरलेलो असतो.

दाजींचा हात भरवशाचा नव्हता, तपासणीचा होता. दिवसभर गाठी शोधलेला अंगठा तो, घरी आल्यावरही गाठच शोधत होता. म्हशीने एकदा पाय झाडला, बादली लवंडली, दाजी शिव्या देत उठले. शेजारच्याने पान्ह्याच्या इंजेक्शनची गोष्ट काढली, त्याला ताईने दारातूनच परत पाठवलं. मग ती बसली. समोर आंबोण ठेवलं, कोमट पाण्याने कास धुतली, फडक्याने पुसली आणि नुसती चोळत राहिली. संथ, वरून खाली, तोंडाने काहीबाही बोलत. म्हशीने मान हलवली, रवंथ सुरू केला. सड फुगले. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली.

त्या दिवसापासून कासेला हात लावायचा तो ताईनेच. दाजींकडे शेण आणि पाणी. त्यांनी एकदा तक्रार करून पाहिली, की अख्ख्या बाजारात कुणाला न सापडलेली दगडी आपल्या अंगठ्याला सापडते आणि घरात आपल्याला ही किंमत.

"गाठी बऱ्या सापडत्यात तुमाला," ताई बादली उचलत म्हणाली, "हात फिरवायला येतो का?"

हे म्हशीबद्दल होतं, असं दाजी धरून चालतात.